कुंदनच्या बार्लीवाइनची ग्रेड

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी ७.१०
संक्रांतीसाठी आलेला कुंदन काल संध्याकाळी पुण्याला परत गेला. जाताना स्वयंपाकघरात तीन बाटल्या ठेवून गेला. पोरगा तिकडे एका ब्रूअरीत बिअर बनवतो. इंजिनिअर होऊन बिअर. यावर मी सहा वर्षांत वाईट शब्द काढला नाही. चांगलाही काढला नाही, पण तो मुद्दा वेगळा.
ही त्याची स्वतःच्या डोक्याने केलेली पहिली बिअर. नाव बार्लीवाइन. वाइन नाही, बिअरच, पण अमेरिकन पद्धतीची जहाल. साडेदहा टक्के, वर हॉप्स नावाची कडू फुलं सढळ हाताने. बंगळुरूला स्पर्धा आहे, नोंदणी दहा फेब्रुवारीपर्यंत. पाठवू की नको ते बाबांनी सांगावं, म्हणाला. "तुमी म्हनसान तसं करतो."
एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला काही विचारलं. रात्रभर बरं वाटत होतं.
निवाडा कडक आणि निष्पक्ष होणार. आधी अमरावतीला, मग अकोल्यात, एकूण छत्तीस वर्षं जिनिंग मिलमध्ये कापसाची ग्रेड लावली. चिमूटभर रुई दोन अंगठ्यांत ओढून स्टेपल, म्हणजे धाग्याची लांबी, सांगायचो. नंतर मशीनवर तीच निघायची. बहुतेक वेळा. बोटांना जमलं ते जिभेला न जमायला काय झालं.

१६ जानेवारी, गुरुवार. दुपारी ४
बाटली क्रमांक एक. कुंदनने चिठ्ठी ठेवली होती. फार गार करू नका, फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, छोट्या ग्लासात घोट घोट घ्या. पुण्यात राहून पोरगं मवाळ झालं. अकोल्यात बिअर चिल्ड पितात.
सकाळी फ्रीझरमध्ये ठेवली. जेवून जरा डोळा लागला. उठून बघतो तर काचा, आणि मटारावर तपकिरी बर्फ. फ्रिज जुना झाला, असं बायकोला, लीलाला, सांगितलं. फ्रिज दिवाळीचा आहे, असं तिने मला सांगितलं.
नमुना रद्द. निवाड्यावर परिणाम नाही.

१८ जानेवारी, शनिवार. सायंकाळी ६
बाटली क्रमांक दोन. या वेळी फ्रीझर नाही. स्टीलचा ग्लास, चिवडा, कागद, पेन, सगळं तयार. पहिला ग्लास तहानेत गेला, तो निवाड्यात धरायचा नाही. दुसऱ्यापासून काटेकोर नोंद सुरू.
रंग:

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ११.३०
'रंग' शब्दापुढे एक रेघ आहे. ती कागदाबाहेर जाऊन टेबलक्लॉथवर संपते. लीला म्हणते, मी उशीची शिवण उसवून रुई ओढून बघत बसलो होतो. मला आठवत नाही. पण ग्रेड बरोबरच सांगितली असणार.
डोकं दुखतं. संकल्प: तिसरी बाटली कुंदनच्या चिठ्ठीप्रमाणे. त्याचं ऐकलं असं नाही, तुलनेसाठी.

२६ जानेवारी, रविवार
ड्राय डे. देशापेक्षा निवाडा मोठा नाही. शिवाय अजून धीर होत नाही.

२८ जानेवारी, मंगळवार. सायंकाळी ७
बाटली क्रमांक तीन. आज झाली. आधी सगळं नीट लिहून काढतो.
साक्षीदार म्हणून गयासुद्दीनला जठारपेठेतून बोलावलं. जिनिंगमध्ये तो वजनकाट्यावर होता. तो घेत नाही, त्याने चहा घेतला. पाच वाजता गच्चीवर बसलो, उत्तरेकडे तोंड करून. कापूस उत्तरेच्या उजेडातच बघतात, तिथे डोळ्याची फसवणूक होत नाही. जुन्या ग्रेडच्या स्लिपा सापडल्या, त्यावरच नोंद केली.
रंग: गडद, कडेला तांबूस, उजेडात धरला की लाल. कचरा: तळाशी थोडा गाळ. ओलावा: शंभर टक्के, रकाना गैरलागू. ताकद: छातीत ऊब उतरते, पण घसा ओरबाडत नाही.
वास: आधी संत्र्याची साल. मग करपायच्या बेतात आलेला गूळ. मग एक वास आला, तो ओळखीचा होता आणि सापडत नव्हता. ग्लास गयासुद्दीनच्या नाकाखाली धरला. तो लगेच म्हणाला, "सालईचा डिंक." खरंच. सेमाडोहला जंगलात सालईच्या झाडाला हात लावला की बोटांना राहतो तो. कुंदन आठ वर्षांचा असताना नेलं होतं, दिवसभर बोटं हुंगत होता.
लांबी: घोट गिळला आणि घड्याळ बघितलं. कडूपणा हळूहळू उलगडत गेला, मागून गोडवा. बेचाळीस सेकंद. इतक्या लांब धाग्याचा माल मी क्वचितच बघितला. डोळ्यांत पाणी आलं. कडूपणामुळे नाही. हे माझ्या पोराने केलं होतं, म्हणून.
स्लिपवर छापलेल्या ग्रेडमध्ये बसेना. पेनाने 'सुपर' असं वर लिहिलं.
गयासुद्दीन म्हणाला, "मंग लावा ना फोन, आत्ताच लावा." लावला. कुंदनने विचारलं, कशी वाटली.
मी म्हणालो, "बरी आहे. जरा कडू आहे. तळाले कचरा आहे."
तिकडून "अच्छा" आलं.
फोन ठेवल्यावर गयासुद्दीन म्हणाला, "भगवंतराव, तिकडे कापसाची गाडी घेऊन आलेला शेतकरी नोयता. तुमचा पोरगा होता."
माझा काय दोष? माल घेऊन आलेल्यासमोर मालाला चांगलं म्हणायचं नाही, हा ग्रेडरचा पहिला धडा. चांगलं म्हटलं की भाव चढला. रुई दुधासारखी असली तरी तोंड वाकडं करायचं, एखादी काडी शोधून हातावर धरायची. छत्तीस वर्षं तोंडाला तेच वळण. उद्या फोन करून दुरुस्त करतो. दोन मिनिटांचं काम.

२९ जानेवारी
तो कामात असेल.

३० जानेवारी
आज मी कामात होतो. मटार सोलले.

३१ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ९
मेसेज लिहिला, 'बिअर एक नंबर.' फारच उघडं वाटलं. खोडलं. 'बिअर ठीक.' तेही खोडलं. शेवटी गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवला. त्याने अंगठा दिला. वातावरण निवळलं म्हणायला हरकत नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार
लीलाने ती स्लिप वाचली. म्हणाली, "एवढी आवडली तर सांगून काऊन नाई देत त्याले? दहावीत अठ्ठ्याऐंशी टक्के पडले तवाबी तुमी कुठं मार्क कटले तेच पाहून राहिले होते."
ते मार्गदर्शन होतं, असं मी सांगितलं. ती पोळ्या लाटत राहिली.

५ फेब्रुवारी, बुधवार
कुंदन रविवारी येतोय. आईशी बोलला. बाबांनी सांगितलेली दुरुस्ती केली म्हणे. दुरुस्ती कसली ते कळलं नाही. असो, उलट बरं झालं. असल्या गोष्टी फोनवर होत नाहीत, समोरासमोर सांगतो.
वाक्य तयार केलं: कुंदन, मी आजवर प्यायलेल्यांत ही सगळ्यांत चांगली बिअर आहे. दाढी करताना आरशात तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा आवाज कापला नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार
नऊ वेळा. वाक्य पक्कं.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी २.१५
कुंदन सकाळच्या गाडीने आला. डोळे खोल गेलेत. दहा दिवस नीट झोपला नाही, असं लीला म्हणाली. जेवणाआधी त्याने बाटली काढली. कडू लागली म्हणून हलकी बिअर मिसळून कडूपणा उतरवला होता. मग गाळली. "तुमी कचरा म्हनले ना बाबा, एक कनबी नाई ठेवला आता."
त्याने स्वतः ओतली. ग्लास स्वच्छ, आरपार दिसणारा. वास घेतला. संत्रं नाही. सालई नाही. गुळाचं पाणी होतं. घोट घेतला आणि मनात मोजलं. चार सेकंद.
मान वर केली तर तो माझ्या तोंडाकडे बघत होता. मी बोट रुईत घातल्यावर शेतकरी बघायचे तसा. पहिलीच चांगली होती, तीच पाठव, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याचे ते डोळे बघून हिंमत झाली नाही. तोंड उघडलं आणि पाठ केलेलं वाक्य बाहेर आलं. पूर्ण. कुठे न अडखळता.
तो उठून आत गेला, आणि आईला तेच वाक्य दोनदा सांगितलेलं मला ऐकू आलं. मग तोंड धुऊन बाहेर आला आणि मोबाइलवर नोंदणी करून टाकली. म्हणाला, पहिल्या मालाचं एक पिंप उरलंय, उद्या गेल्या गेल्या तेही हिच्यातच मिसळून टाकतो. यापुढे अशीच करत जाईन.
मी बरं म्हणालो. त्याने दुसरा ग्लास भरला. तोही मी संपवला.