त्याच हातांनी

रविवार, नाटकाहून आल्यावर

पुण्याहून आलेलं नाटक. म्हणे, आपल्या नंदुरबारात मिरची वाळवायच्या पथारीवर राबणाऱ्या बायांचं. डोंबलाचं! नटी मांडी घालून सुक्या मिरच्यांचे देठ खुडत होती. एकदा शिंक नाही, ठसका नाही. मग नवरा गेल्याचा निरोप आला आणि बाईंनी त्याच हातांनी डोळे पुसले. चांगले चोळून!

शेजारी आई होती, वीस वर्षं पथारीवर काढलेली. पुटपुटली, "आंधयी व्हई जाई ना वं ही!"

शेवटी नटीने माईक घेऊन सांगितलं की ती ही भूमिका 'जगली'. आमचे हे उभे राहून टाळ्या पिटत होते. मीसुद्धा दोन वाजवल्या, का कोण जाणे. लाज वाटते आता.

येताना हे विचारतात, "तुला रडू कसं नाही आलं?"

त्याच हातांनी पुसले हो डोळे, तुम्हाला दिसलं नाही?

लहानपणी मी रडायला लागले की पथारीवरून आलेली आई दोन्ही हात पाठीमागे धरायची, वाकायची आणि आपल्या गालाने माझे गाल पुसायची.