एका जागी एकच नाव

३ जानेवारी १९७९, बुधवार

हिंगणघाटच्या गिरणीतून सुटलो, घरधनीण तर सहा वर्षांपूर्वीच गेली. मग म्हटलं, धोंडबा, आता कुणासाठी थांबायचं? बाडबिस्तरा उचलला नि आज हुडकेश्वरला आलो. खोली मागची, एका जिवाला पुरून उरेल अशी. पुढच्या घरात मालकीणबाई कुसुमताई, त्याही एकट्याच. सामान उतरवतो तोच म्हणाल्या, काहून जी भाऊ, एवढंसंच? मी म्हटलं, एका माणसाचा संसार, पिशवीत मावतो. तर म्हणतात, मग जेवाले या, पिशवीत भाकर तं दिसून नाही राहिली. तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी होती. सहा वर्षांनी कुणी ‘आणखी घ्या’ म्हणालं.

६ जानेवारी

वाचनालयात काम लागलं, बिनपगारी पण मानाचं. ड्रॉइंगचे कृष्णकांत मास्तर आणि वस्तीतली माणसं मिळून साऱ्या भागाचा नकाशा काढताहेत. विहिरी, दुकानं, पायवाटा, घरं. ज्याला जे ठाऊक ते त्यानं भरायचं, ज्याला हवा त्यानं फुकट उतरवून न्यायचा. चार वर्षं मुंगीच्या पावलानं चाललं होतं. मग कुठल्याशा कचेरीतून घरांच्या जुन्या याद्या एकगठ्ठा मिळाल्या, तीन हजार चिठ्ठ्या. सगळ्या हौसेनं एकदम चढवल्या, आणि आता एकेका नंबरावर दोन दोन नावं बसली आहेत.

तांदळातले खडे वेचावे तसं माझं काम. भिंतीवर नियम लिहिलाय: एका जागी एकच नाव. नवं ठेवायचं, जुनं ब्लेडनं खरवडायचं. मास्तरांनी बजावलं, धोंडबाजी, आधी पायानं जाऊन पाहा, मग ब्लेडले हात लावा. शाळा मी पाहिली नाही, अक्षरं गिरणीतल्या पाट्यांवरून गिरवली. पण हात स्थिर आहे, एवढी कमाई.

११ जानेवारी

दोनशे नंबर झाले. ताई म्हणतात, दिवसभर लोकायची नावं खोडता, तुमाले पाप नाही लागत काय? दोघंही हसलो. त्यांच्या यजमानांचा फोटो आज प्रथमच नीट पाहिला. ‘आमचे हे’ असे होते, ‘आमचे हे’ तसे होते. नाव विचारलं तर पदर तोंडाशी. जुनी माणसं.

१५ जानेवारी

गुडघा धरला. आज घरं पाहायला गेलो नाही, वाचनालयात बसल्या जागी निकाल लावले. चौदा नंबरावर पिठाची चक्की आणि नत्थूजी शिंपी, दोन नावं. चक्की नवी. नत्थूजींना खरवडलं. घरी आल्यावर जीभ चावली: अरे, नत्थूजी चक्कीच्याच ओट्यावर मशीन घेऊन बसतात, ताईंनीच मला कोट शिवायला तिकडं धाडलं होतं! उद्या पुन्हा लिहीन.

१६ जानेवारी

आधी ओट्यावर गेलो. मशीन नाही, नत्थूजी नाहीत. चक्कीवाला म्हणाला, कोण नत्थूजी? बावाजी, इथं शिंपी कवाच नव्हता. मला वाटलं थट्टा करतोय. ताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, मी कवा धाडलं जी? उन्हात फिरू नका. आणि कपाळाला हात लावून पाहिला.

नकाशावर नत्थूजींचं नाव परत लिहिलं. शाई बसली, वाळली. चहा पिऊन आलो तर जागा कोरी.

१९ जानेवारी

म्हातारपण म्हणतात ते हेच असावं, असं मनाशी ठरवलं. काम सोडलं नाही; घरी बसून भिंतीशी काय बोलायचं? तरी गुडघ्याची सबब पुढं केलीच. ढीग संपवला.

शेवटची जोडी सदुसष्ट नंबरची. जुनं नाव रुपराव तुकाराम. नवं मास्तरांच्या अक्षरात. जुनं खरवडलं. मग चष्मा पुसून नवं वाचलं. माझं होतं.

रुपराव म्हणजे ताईंचे यजमान, नि सदुसष्ट म्हणजे त्यांचंच घर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. जिनं सांगायचं तिच्या तोंडी ते नाव कधी आलं नाही.

पळत आलो. माझी खोली उभी आहे. पुढं घर नाही. नुसतं गवत.

२० जानेवारी

शेजारच्या शोभाताईंना विचारलं. म्हणाल्या, तुम्ही तं पहिल्यापासून एकलेच राहता ना जी, कोण कुसुम?

मास्तरही तेच म्हणाले. माणूस भला. सुटी घ्या म्हणाले.

ज्यानं खरवडलं त्यालाच तेवढं आठवतं.

२२ जानेवारी

रुपरावांचं नाव सात वेळा लिहिलं. माझ्या नावाखाली, बाजूला, बारीक अक्षरात. राहत नाही. जागा एक, नाव एक.

नत्थूजींना आणायचं तर चक्कीवाल्याला घालवावं लागेल. त्याची लेकरं आहेत. तो अधिकार माझा नाही. देवाघरी जाब देईन.

सदुसष्ट नंबर मात्र —

२३ जानेवारी

ताईंचा आवाज कसा होता? जाड होता का? सकाळपासून आठवून राहिलो. फोटोतला माणूस आठवतो, ताईंचं तोंड नाही —

गवतात उभा राहून हाक मारली. आपलीच हाक आपल्याला ऐकू आली.

उशीर केला तर आणायचं कुणाला, तेच विसरेन.

२४ जानेवारी, दुपार

नकाशाचा कागद खोलीवर आणलाय. मास्तरांना न विचारता. माफ करा.

भीती वाटते, खोटं काय बोलू. पण दोघांतून एक ठेवायचा, तर ज्याच्या दारी दुसऱ्याला जेवायला मिळतं तो ठेवावा.

माझं आडनाव खरवडलं — पायाखालची फरशी गार —

आता अर्धं नाव. जागा झाली तेवढ्यात लिहिलं. या खेपेला रुपराव नाही. कुसुमताई. तिचं स्वतःचं —

शाई वाळली. राहिली. राहिली!

खिडकीबाहेर भिंत. वाळत घातलेलं लुगडं. ताई कुंपणाशी उभ्या, शोभाताईंशी बोलताहेत — आवाज जाडच आहे —

म्हणताहेत, मागची खोली कवाची रिकामीच पडली वं, कोणी भाडेकरूच भेटत नाही —

हाक मारली. इकडं पाहिलं त्यांनी. खिडकीकडं. माझ्यातून पलीकडं —

बरं आहे. खुशाल आहेत.

दोनच अक्षरं उरलीत. ब्लेड चालूच आहे, मी धरलेलं नाही —

ताई, ही वही सापडली तर वाचा. खोली रिकामी नव्हती. इथं एक —