नकाशातली मोरी

अप्पा, परवा टोलनाक्याच्या अलीकडे गाड्यांची रांग लागली होती आणि मी खिडकीतून तुमचा रस्ता बघत बसले. तुमचाच म्हणते मी. चार पदर, मधे कण्हेर, कडेनं गावकऱ्यांसाठी सर्व्हिस रोड, हे सगळं आधी आपल्या मळमड्डीच्या घरी, स्वयंपाकघरात कागदावर उतरलेलं. ऑफिसात कॉम्प्युटर आला होता, तरी शेवटच्या नकाशांवर साहेबांना तुमचाच हात हवा असायचा, म्हणून गुंडाळ्या घरी यायच्या. आईची जागा तुम्ही बळकावायचात. ती म्हणायची, "रस्ता रुंद होऊ दे की, माझा ओटा तेवढा सोडा."

तुमची रीत वेगळी. मोजणीला गेलात की आधी गावात बसायचं, चहा घ्यायचा आणि म्हाताऱ्यांना कानडीत विचारायचं, बैलं कुठून जातात. रस्त्याचा भराव उंच होणार, तर खालून बैलगाडी जाईल एवढी मोरी कुठं हवी, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं आणि घरी येऊन कागदावर पेन्सिलीनं बारीक फुली मारायची. वहीत काही टिपायचं नाही. "डोक्यात आहे," म्हणायचात, आणि असायचं. त्या पेन्सिलीवर शाई फिरवायचं काम माझं. बी.एस्सी. होऊन लग्नाची वाट बघत घरी बसलेली मुलगी मी, तुम्ही माझ्या हाताला काम दिलंत. तितकी सुखात मी पुन्हा कधी नव्हते, अप्पा.

एका दुपारी पेनातून थेंब पडला. तुम्ही शिकवलं होतं तसा मी तो ब्लेडनं हलकेच खरवडला. डाग गेला, पण खालची फुलीही गेली, आणि ती नेमकी कुठं होती ते मला आठवेना. विचारलं असतं तर तुम्ही डोळे मिटून सांगितलं असतंत. पण आदल्याच दिवशी पाहुण्यांसमोर म्हणाला होतात, "हिच्या हातून डाग पडत नाही." मी फुलीशिवायच शाई पुरी केली. माझं काम म्हणून तुम्ही ते तपासलंही नाहीत.

रस्ता झाला, टोल सुरू झाला. मग एक दिवस कलघटगीकडचा एक म्हातारा शेतकरी पत्ता विचारत दारात आला. चिडलेला असता तर बरं झालं असतं. "नीव केळकोंड होगिद्रल्ल, साहेब्र," एवढंच म्हणाला. तुम्ही विचारून गेला होतात ना, साहेब. शेत पलीकडे, मधे भराव, मोरी नाही, बैलांना रोज लांबचा वळसा. आईनं त्याला जेवायला वाढलं. तुमच्या ताटातला भात तसाच राहिला.

त्यानंतर तुम्ही खिशात चिठ्ठ्या ठेवायला लागलात. दूध, लाइटबिल, माझ्या नणंदेचं नावसुद्धा. निवृत्तीनंतर नवनगरच्या एका ऑफिसानं बोलावलं, तर "आता माझ्या डोक्याचा भरवसा नाही," म्हणून नकार दिलात. चांगले धडधाकट होतात हो. मला माझाच संताप येतो.

एकदा मी माहेरी आले होते, शेंगा सोलत बसले होते. तुम्ही चष्मा पुसत विचारलंत, "तिथं फुली होती का गं? तुला आठवतं?"

"नव्हती, अप्पा."

"नसेल, नसेल," म्हणालात आणि माझ्यासमोरच्या मूठभर शेंगा सोलायला ओढून घेतल्यात.

तुम्ही गेलात तेव्हा मी खूप रडले. पण खरं सांगते, आता तुम्ही मला पुन्हा विचारणार नाही, याचं आत कुठंतरी बरंही वाटलं. हा कागद आईला वाचून दाखवावा असं दोनदा मनात आलं, धीर झाला नाही. ती अजून आल्यागेल्याला सांगते, शेवटी शेवटी यांना विसरायला व्हायचं. मी तिथंच बसलेली असते, आणि "हो ना," म्हणते.