परत पाठवलेला वाटा

१८ ऑक्टोबर
सकाळी गावाने रापणीचे जाळे ओढले. तारली बऱ्यापैकी, बांगडा थोडा. बातमी भास्करच्या बायकोने, शालनने आणली. सुमनने बाजारात टोपल्या पाहून दुजोरा दिला. तिसरा पुरावा आमच्या फाटकाला लटकवलेली पिशवी. माझा वाटा.
मी किनाऱ्यावर नव्हतो. श्रावणात अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून गेलेलो नाही. डावा पाय ओढतो. डावी मूठ मिटते, पण धरत नाही. डांबरी रस्त्यावर काठीने जमते. कोरड्या वाळूत काठीच रुतते.
सुमनने तारल्या तळल्या. चांगल्या होत्या. दोन खाऊन उठलो.

२१ ऑक्टोबर
मालवणला फिजिओ. रबरी चेंडू दाबणे. तिथली मुलगी म्हणाली, "काका, सुधारणा आहे." कशावरून, विचारले. हसली. पेपरात बातमीदारी केली, ती खोड जात नाही.
संध्याकाळी भास्कर आला. शाळेपासूनचा. गावची रापण आता तोच चालवतो. पूर्वी रस्त्यावरूनच ओरडायचा, "मेलस काय रे, नाना?" मी आतून, "आदी तुका पोचयतलंय, मगे मरतलंय!" सुमन चिडायची, तिन्हीसांजेला अभद्र बोलतात म्हणून.
आता फाटक हळू लावून घेतो. चपला पायरीखाली काढतो. "बरो आसस मां?" बरो आसंय, म्हटले. मग दोघे रस्त्याकडे बघत बसलो. चहा पिऊन गेला.
आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा. म्हणजे तसाच आला होता म्हणा.

२५ ऑक्टोबर
फाटकाला पिशवी. बांगडे.
निवृत्त झालो तेव्हा पहाटे उठायची सवय उरली आणि काम संपले. एकदा नुसताच किनाऱ्यावर उभा होतो. होडीने जाळ्याचा वेढा घालून झाला होता, दोन्ही टोकांचे दोर वाळूत आले होते, दोन रांगा ओढायला लागल्या होत्या. भास्कर खेकसला, "बगतस काय? धर!" धरला. मग रोजच. रांगेच्या शेपटाला, जिथे बळापेक्षा आरडाओरडा जास्त लागतो.
दोराला हात लावला त्याला वाटा, ही रापणीची रीत. मला मासे मिळायचे आणि गावही मिळायचे. कोणाचा मुलगा मुंबईहून आला, कोणाची सून रुसली. त्यासाठी कोणाच्या घरी जावे लागत नसे, फोन करावा लागत नसे. आता कोणी येत नाही म्हणून राग नाही. आमचे भेटायचे ठिकाण घर नव्हतेच.

३० ऑक्टोबर
गेलो. सुमनला दुकानात जातो सांगितले.
सुरूच्या झाडांपर्यंत नीट. पुढे वाळू. मध्येच थांबलो, पुढेही जाता येईना, मागेही. अंतोनने पाहिले. अंतोन आमच्यात सर्वांत म्हातारा, गुडघे गेलेले. दोराच्या टोकाशी बसून ओल्या दोराची गुंडाळी घालतो. त्याने हाक दिली तसा भास्कर धावत आला, दंडाला धरून पुढे नेले आणि ओरडला, "नानांका खुर्ची हाडा रे!"
नानांका. कालपर्यंत नाना होतो.
शहाळीवाल्याकडून प्लास्टिकची खुर्ची आली. बसलो. रांगेत पर्यटकांचे एक जोडपे घुसले होते. हसत, ओरडत दोर ओढत होते. खरे तर दोरच त्यांना ओढत होता. मग त्यातला नवरा माझ्याकडे आला, "अंकल, एक फोटो?" काठी मांडीवर, उजव्या हातात त्याचा मोबाइल. फोटोत दोर आला, दोघांची मुंडकी आली नाहीत. तरी थँक्यू म्हणाला बिचारा.
मासे काढले, वाटे पडले. जोडप्याला दोन बांगडे. रीत ती रीत. ती किंचाळली, मासा जिवंत होता.
मला पिशवी. सगळ्यात मोठी.

३१ ऑक्टोबर
शालन आज स्वतः आली. पिशवी पुढे केली, "ह्येंनी धाडल्यानी."
मी म्हटले, "दोराक हात लावलंय नाय. माका वाटो नको."
"नको?"
"नको म्हणून सांग."
ती बघत राहिली. मग पदर खोचला. "बरां. सांगतंय." पिशवी घेऊन गेली.
पटकन बोललो, पण बोललो ते खरेच होते. सुमन आतून ऐकत होती. भांडी नेहमीपेक्षा जोरात.

३ नोव्हें.
फिजिओ नाही. पाय जड.
भास्कर काल आला नाही, आजही नाही.

५ नोव्हें.
संध्याकाळी भा. रस्त्याने गेला. पडवीतून दिसला. मान सरळ. मी हाक मारायला तोंड उघडले आणि काय म्हणून हाक मारावी ते सुचेना.

७ नोव्हें.
सुमन बाजारातून तणतणत आली. कोळणीने विचारले म्हणे, सगळ्यांसमोर, "काकी, तुमच्या घरकारान दोर सोडल्यानी काय? वाटो परत केल्यानी मां?"
दोर सोडणे. रापणीत कोणाचे फाटले, भांडण विकोपाला गेले, तर तो तोंडाने काही सांगत नाही. आपला वाटा परत पाठवतो. पुढे त्याला कोणी हाक मारत नाही, तोही दोराजवळ फिरकत नाही. भावाभावांत झालेले मी पाहिले आहे.
सुमन: "तुमका ठावक नव्हता?"
होते. पेपरात लिहिलेही होते एकदा.
"मगे?"
मग काय. ते रापणकरांचे. मी आपला हौशी, शेपटाचा. त्या जोडप्यासारखाच, थोडा जुना.
सुमन म्हणाली, "ह्यां तुमका वाटता. तेंका नाय वाटना."

८ नोव्हें.
कालचे वाक्य डोक्यातून जात नाही. दोर सोडला म्हणतात, म्हणजे तो माझ्या हातात होता असे ते धरून चालले होते. झटक्यानंतरही. पिशवी दयेची समजत होतो. ती हजेरी होती. आजाऱ्याचा वाटा घरी पोचवायचा, एवढेच.
पण मग खुर्ची? ती कशात धरायची?

११ नोव्हें.
भास्करच्या घरी गेलो, रिक्षाने. घरापुढच्या खळ्यात जाळे सांधत बसला होता. उठला.
"येवा."
मला 'येवा' म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा.
आत ओरडला, "शालन, पाहुण्याक च्या दी गो." स्वतः खुर्ची आणून पुसली. मी उभाच राहिलो. बोलायला चुकलो म्हणालो, तसे वाटा परत करण्याचा अर्थ माझ्या मनात नव्हता, वगैरे. वाक्ये बरोबर होती. अग्रलेखासारखी.
"माका काय राग नाय," जाळ्यातून मान वर न करता.
"मेल्या, बग तरी."
बघितले नाही. सुई जाळ्यात, बोटे चालू. एक गाठ मारून म्हणाला, "मी वाळयेर धावान इलंय तुज्यासाटी. लोकांदेखत. दुसऱ्या दिवशी पिशयी फेकलस."
फेकली नव्हती. पण ते सांगून काय.
चहा प्यालो. खुर्चीत बसूनच.

१२ नोव्हें.
कालपासून हे सुचते आहे: त्याला खुर्चीत माझा मान दिसत होता, मला माझे रांगेतून बाद होणे. दोघांचेही बरोबर. त्यामुळेच सुटत नाही.

१४ नोव्हें.
अंगणात कपड्यांची दोरी. एक टोक सुमनच्या हातात, एक माझ्या. ती ओढते, मी धरतो. डाव्यातून सुटते, दर वेळी. शेजारीण कुंपणावरून, "काय गो सुमनताई, रस्सीखेच काय ह्या वयात?" सुमन म्हणाली, "होय गो, हरतत ते."
मग खाली बसून पाहिले. दोर ओढायचा नाही, नुसता गोल घालायचा. उजव्याने घालायचा, डाव्या तळव्याने दाबायचा. मूठ लागतच नाही. गुंडाळी झाली. तिरकी, पण झाली.
सुमन कपडे तसेच बादलीत ठेवून बघत उभी. ते काम अंतोनचे आहे. एवढेच त्याच्याकडे उरले आहे. त्यावर डोळा ठेवणारा मी कोण?

१६ नोव्हें.
शालन रस्त्याने जात होती, थांबवले. तिला सांगितले ते असे: मासे नकोत. खुर्ची नको. बसून काही काम असेल तर सांगा. अंतोनची जागा सोडून.
"मी सांगतंय," ती म्हणाली, "पण तेंचा डोक्या तुमका ठावक आसा."
"माज्यासारक्याच ना?"
"तेच्यापक्षा खराब."

१७ नोव्हें.
वारा. होड्या वर ओढलेल्या. रापण नाही. निरोप नाही.

१८ नोव्हें.
वारा तसाच. सुमन म्हणते, सारखे रस्त्याकडे बघू नका, मान धरेल.

१९ नोव्हें.
दुपारी शालन आली. हात रिकामे. पिशवी नाही, हे आधी पाहिले.
निरोप जसाच्या तसा उतरवतो. भास्कर म्हणाला: "तेका विचार, मेलो काय जिवंत आसा. जिवंत आसलो तर सांग, दोर दोन आसत. एक अंतोनचो. दुसरो रोज गुंतता, तो गुंडाळूक कोण नाय."
मी विचारले, हे तो हसून म्हणाला की कसा?
"जाळां सांधी होते. तोंड खाली."
म्हणजे कळायला मार्ग नाही. शिवाय एकच स्रोत, तोही घरातला. मी असली बातमी कधी छापली नसती.
अंतोनला विचारले का? विचारले म्हणे. तो म्हणाला, कोकणी बायबल वाचतो त्या आवाजात, "येवंदी. माका बोलूक कोण नाय थंय."
वाळूचे काय? सुमन फळी टाकू म्हणते. मी नको म्हटले. मग म्हटले, बघू. तिचा दंड धरून गेलो तर भास्करला धावावे लागणार नाही. ओली वाळू कडक असते. ओहोटीला गेलो तर काठी टिकेल. डावा तळवा दोर दाबून धरेल की नाही, ते तिथेच कळेल. भिजलेला दोर कपड्यांच्या दोरीसारखा नसतो.
वाटा मिळाला तर घ्यायचा, लहान असो की मोठा. हे सुमनने माझ्याकडून कबूल करून घेतले.
सायंकाळी वारा पडला आहे. होड्या खाली नेत आहेत, पडवीतून आवाज येतो. रापण उद्या ओहोटीला लागेल असा अंदाज. भास्कर अजून या रस्त्याने गेलेला नाही. घरी जायची त्याची वेळ व्हायची आहे. दार उघडे ठेवले आहे. ओरडलाच, तर उत्तर तयार आहे.