आठ नरम बटणं

श्री

पुणे, ३ फेब्रुवारी २०२५

ती. नंदूमामांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून हसू नका. पोस्टात पाकीट मागितलं तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, की कुठल्या परीक्षेचा अर्ज पाठवायचाय? मामाला पत्र आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. पण काय करणार, हुकूम तुमचाच! तुमच्या गल्लीत रेंज नसते, फोनवरचं बोलणं हवेत जातं, पत्र कसं हातात राहतं. दोन वर्षं हेच ऐकतेय. मामी मात्र त्याच गल्लीतून आईशी तासतासभर बोलतात.

आता कामाचं. सांगायला लाज वाटते, पण सांगते. सोबतच्या खोक्यात माझी जॉयस्टिक आहे, बारावीनंतर तुम्हीच प्लायवूडच्या पेटीत बसवून दिलेली. एक दांडा, आठ बटणं. ऑफिसातून आले की संध्याकाळी तासभर मारामारीचे गेम खेळते, तेवढाच विरंगुळा. पण बटणांची खटखट भिंतीपलीकडे जाते आणि पलीकडे घरमालकीणबाईंच्या आजारी सासूबाई पडून असतात. परवा बाईंनी जिन्यात, इथे राहणाऱ्या सगळ्या मुलींसमोर विचारलं, की एवढी घोडी झाली तरी पोरांसारखी बटणं बडवायला लाज कशी वाटत नाही. मला तोंड वर करता येईना. पुन्हा आवाज आला तर खोली सोडायची, असं त्यांनी बजावलंय. ऑफिसला चालत जाता येईल अशी खोली मला दुसरी मिळायची नाही हो.

म्हणून आवाज न करणारी आठ बटणं बाहेरून मागवली आहेत. ती पाकिटात ठेवलीत. तेवढी बसवून द्या. दांड्याची स्प्रिंगही ढिली पडलीय, ती बघा. इथे पुण्यात हे काम करणारे आहेत, पण तुमच्याशिवाय कुणाच्या हातात पेटी द्यायला माझं मन होत नाही.

मामींना नमस्कार. भाचीवर जीव आहे तो असाच असू द्या.

तुमची,
सई

---

सोलापूर, १२ फेब्रुवारी

चि. सईस,
नंदूमामाचे अनेक आशीर्वाद.

पेटी सुखरूप पोचली. सहा वर्षांत प्लायवूड कुठे फुगलं नाही की सांधा सुटला नाही, हे बघून माझीच पाठ थोपटून घेतली. दुसरं कोण थोपटणार! मामीच्या मते मी अजून खेळण्यातच रमलेलो आहे.

जुनी बटणं काढली. आत एवढी धूळ होती की त्यात मेथी पेरता आली असती. दोन वायरींचं सोल्डर सुटत आलं होतं, ते नव्यानं भरलं. दांड्याला नवी स्प्रिंग घातली आणि त्याच्याखाली दांड्याची चाल अडवणारं चौकोनी गेट होतं ते काढून आठकोनी बसवलं. आता दांडा तिरका गेला की नेमका कोपरा हाताला कळेल. आमच्या गेम झोनच्या मालकांनी, रेवणसिद्ध शेठनी, एका मशीनसाठी आठ नवी बटणं आणून दिली होती. दोन्ही कामं एका बैठकीत उरकली.

आवाजाचं म्हणशील तर अगदी निर्धास्त राहा. मी स्वतः पेटीला कान लावून पाहिलं. मुंगी चालावी एवढाही आवाज नाही. त्या बाईंच्या सासूबाईंच्या उशाशी बसून खेळलीस तरी त्या कूस बदलणार नाहीत.

खोक्यात मामीनं शेंगाचटणी घातलीय. ती पेटीवर सांडू नकोस. येत जा गं मधूनमधून. आम्हाला विसरू नकोस एवढंच मागणं.

तुझा,
नंदूमामा

---

पुणे, २२ फेब्रुवारी

ती. मामांस,
नमस्कार.

हे पत्र लिहू नये असं चार दिवस वाटत होतं. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

तुमच्या शब्दावर विसंबून मी पेटी आली त्याच संध्याकाळी खेळायला बसले. आधी एक बटण दाबून बघावं, एवढीही शंका मनात आली नाही. मामांनी कान लावून पाहिलंय म्हटल्यावर बघायचं काय? खेळाच्या भरात आणि हेडफोनमुळे मला काही कळलं नाही. दार वाजलं तेव्हा कळलं. मामा, बटणं पहिल्यापेक्षा दुप्पट वाजतात. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या आणि त्यांच्यामागे त्यांच्या सासूबाई, भिंतीला धरून. त्या म्हाताऱ्या बाईंकडे बघून मेल्याहून मेल्यासारखं झालं. मार्चअखेर खोली सोडायची आहे.

तरी मी म्हटलं, चूक झाली असेल. पण शाळेत माझ्या वर्गात असलेला अनीश तुमच्या गेम झोनमध्ये गेला होता. त्यानं गंमत म्हणून सांगितलं, की तिथल्या एका मशीनची बटणं दाबली तरी वाजतच नाहीत, पोरांना ती बंद पडलीत असं वाटतं, म्हणून पोरं त्यावर बुक्क्या मारतात. आठ काळी बटणं.

तुम्ही कान लावून पाहिलंत असं तुमच्याच अक्षरात लिहिलंय. मग चूक तरी कशी म्हणू? माझी बटणं तुम्ही शेठच्या मशीनला लावलीत आणि साधी मला पाठवलीत. मागितली असतीत तर दुसरी आठ तुमच्यासाठी मागवली असती. आज आईलाही सांगितलं. तिनं फोन ठेवून दिला.

का केलंत असं?

सई

---

सोलापूर, २७ फेब्रुवारी

चि. सईस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. तू लिहिलंस ते बरोबर आहे. बटणं मीच बदलली. शेठपुढे आपलं काम उठून दिसावं असा मोह झाला. म्हातारपणी बुद्धी फिरते म्हणतात, तसं समज.

तुझी आठ बटणं मशीनमधून काढून पाठवीन. गेलेली खोली मात्र मला परत देता येणार नाही, याची फार खंत वाटते. तुझ्या आईला, राजेश्वरीताईला सांग, की नंदू तुला तोंड दाखवायला येणार नाही. मामीला यातलं काही माहीत नाही, तिला लिहू नकोस.

लोभ ठेव म्हणायला आता तोंड नाही, म्हणून म्हणत नाही.

नंदूमामा

---

सोलापूर, ३ मार्च

चि. सईबाईस,
शकुंतलामामीचा आशीर्वाद.

मी सातवी शिकलेली. अक्षराला हसू नको. ह्यांच्या उशीखाली तुजं पत्र घावलं. वाचलं. चार दिवस हे जेवत न्हाईत, विचारलं तर दात दुखतो म्हणतात.

सई, तुजा मामा चोर न्हाय. तुज्या मामाला ऐकू येत न्हाय. दोन वर्सं झाली. डावा कान पार गेलाय, उजव्या कानाशी वरडलं तर थोडं कळतं. रेंजबिंज सगळं खोटं हाय. फोनवर काई कळत न्हाय म्हणून पत्राचं खूळ काढलं. लोकांच्या ओठाकडं बघत्यात आणि हो हो करत्यात. मी डागदरकडं चला म्हणलं तर माज्या गळ्याची शपथ घातली, की कुणाला बोलायचं न्हाय, ताईला तर मुळीच न्हाय. शेठला कळलं तर बहिऱ्याला मशीनीचं काम कोण देणार, असं त्यांचं म्हणणं.

आता माजी चूक ऐक. टेबल पुसायचं म्हणून तुजं पाकीट आणि शेठचं पाकीट मीच एका परातीत वतलं. सगळी काळी, सगळी सारखी. मग हे एकेक बटण बोटानं दाबून निवडत बसले. आठ कडक लागली, आठ नरम. कडक ती चांगली, नरम ती हलका माल, असं त्यांनी धरलं. शेठच्या मशीनला हलका माल चालंल म्हणाले, माज्या सईला चांगली पायजेत. तुज्या पेटीला लावली ती बटणं खाटखाट वाजत होती. मी शेजारीच शेंगा सोलत होते. मला वाटलं नवी हायत, वाजत असतील. मी एक शब्द बोलले असते तर हे काईच झालं नसतं.

तुजं पत्र घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. ते म्हणाले, राहू दे, चोर म्हणू दे, बहिरा म्हणू नये. मला शपथ मोडल्याचं पाप लागलं तर लागू दे.

राग धरू नको. माया ठेव, बाई.

तुजी मामी

---

पुणे, ७ मार्च

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

नमस्कार लिहिला, पण तो घ्याल की नाही कोण जाणे. चार कागद फाडले. मामींचं पत्र आलं. त्यांच्यावर रागावू नका, तुमच्या पाया पडते.

आवाज न करणारी बटणं नरम लागतात ती आतल्या रबरामुळे. हे मी एका ओळीत लिहिलं असतं तर तुम्ही बरोबर निवडली असतीत. ते लिहायचं मला सुचलं नाही आणि चोर म्हणायला मात्र पानभर मजकूर सुचला. दिवाळीत मी स्वयंपाकघरातून तुम्हाला तीन हाका मारल्या होत्या. तुम्ही आला नाहीत तर मामांना आता भाव आलाय म्हणून सगळ्यांत हसले. तुमच्याकडे बघून हसले. तुम्हीही हसलात, आणि आता कळतंय की आम्ही कशाला हसतोय ते तुम्हाला ठाऊकच नव्हतं. मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

खोलीचं मनाला लावून घेऊ नका. लांब आहे, पण मैत्रिणीकडे जागा मिळालीय.

आणखी एक सांगायचंय. आईला मी काल सगळं सांगितलं, कानाचंही. तुम्हाला न विचारता सांगितलं. पण तिनं तुम्हाला चोर समजून आणखी एक दिवस काढावा, हे मला सहन होईना. ती केमच्या घरून निघून तुमच्याकडे येणार आहे. तुम्ही तोंड दाखवणार नाही म्हणालात, म्हणून तीच येतेय.

मी पुढच्या आठवड्यात येते. कानाच्या डॉक्टरकडे आपण दोघं जाऊ. नाही म्हणू नका. क्षमा करता आली तर करा. नाही आली तरी पेटीसारखी मलाही एकदा उघडून, झाडून परत ठेवा.

तुमची,
सई

---

सोलापूर, १२ मार्च

चि. सईस,
नंदूमामाचे अनेक अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ताईच्या मागून आलं. तुझ्यावर रागावायचा मला अधिकार नाही. पेटीला कान लावला हे खरं, पण त्यातून काय ऐकू येणार होतं? आवाज नाही असं मी ठरवून टाकलं आणि तुला लेखी दिलं. खोटं मी आधी लिहिलंय, तू नंतर.

तुझे आजोबा, आमचे आप्पा, चाळिशीतच ठार बहिरे झाले होते. आमच्या गावच्या, करकंबच्या बाजारात लोक त्यांच्यासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे. आप्पा गोंधळून हो हो म्हणायचे आणि मंडळी हसायची. सई, त्या हसणाऱ्यांत मीही असायचो. बरोबरीच्या पोरांत कमीपणा नको म्हणून. आप्पांनी एकदा मला हसताना पाहिलं, आणि तरी घरी येताना माझा हात धरला. माझा कान गेला तेव्हा पहिल्यांदा तेच आठवलं. हे मी आजवर मामीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

शेठला सगळं सांगितलं. त्यांच्यासमोर मशीन उघडून नरम बटणं काढली आणि ती कशी गेली ते बोललो. त्यांनी मोबाईलवर लिहून दाखवलं, की स्पीकरची आणि आवाजाची कामं आता दुसऱ्याला देणार, बटणं आणि दांडे माझ्याकडे राहतील. अर्धं काम गेलं. घरी येताना वाईट वाटलं, नाही असं नाही. तुझी बटणं सोबत पाठवत नाही. पेटी घेऊन ये, इथेच बसवू, आणि वाजतात का ते तू मला सांग.

आता ताईचं. रविवारी सकाळी ती आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली आणि मान खाली घालून काहीतरी पुटपुटली. मान खाली, त्यामुळे ओठही दिसेनात. मी सवयीनं हो हो म्हणून हसलो. तशी ती पदरात तोंड घालून रडायला लागली. मला कळेना की मी कशाला हो म्हणालो. तेव्हा म्हणालो, की ताई, मला ऐकू आलं नाही, परत सांग. दोन वर्षांत मी हे कुणाला म्हणालो नव्हतो.

तिनं परत सांगितलं. तरी कळलं नाही. मी पुन्हा म्हणालो, परत सांग. मग ती माझ्या उजव्या कानाशी आली आणि सगळा जोर लावून ओरडली. समोरच्या दोन घरांच्या खिडक्या उघडल्या, नळावरच्या बायका थांबल्या. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी माझी बहीण ओरडून सांगत होती, की नंदू, तू चोरी केलीस हे मी पंधरा दिवस खरं धरलं रे, माझ्याच भावाबद्दल.

मला ऐकू आलं. मी तिला आत घेतलं.

तू येशील तेव्हा माझ्या उजव्या हाताला बस. लोभ मागायचं मागच्या पत्रात राहून गेलं होतं, ते आता मागतो.

तुझा,
नंदूमामा