चतुर्थीच्या आदल्या सांजेचा फोन

आर्वी,
१२ सप्टेंबर २०२५

ती. सौ. सुलोचनाताईस,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

आधी तक्रार, मग खुशाली. गेल्या पत्राच्या पाकिटावर तू पत्ता घातलास: ‘गजू मास्तर, शाळेच्या मागे, आर्वी’. सव्वीस वर्षं संस्कृत शिकवून या गावात मी ‘गजेंद्र सर’ हे पद मिळवलं होतं. पोस्टमनने तुझं पाकीट फाटकातूनच पुकारलं आणि पद गेलं. आता नववी ‘ब’चा वर्ग मला गजू मास्तर म्हणतो. मोठ्याने म्हणत नाही, कुजबुजतो, आणि ते जास्त झोंबतं. यापुढे पूर्ण नाव घालावे, ही विनंती. पत्रं मात्र थांबवू नकोस. तुला फोन करावा तर भाऊजी स्पीकर लावून शेजारी बसतात, मनातलं काही बोलता येत नाही.

आता बाबांच्या फोनचं. परवा संकष्टीला आष्टीला बाबांकडे गेलो होतो. तिथल्या भूपेंद्रने त्याच्या रिचार्जच्या दुकानातून बाबांना कोणता प्लान दिला होता, ऐक. चौऱ्याऐंशी दिवसांचा, परवाच संपलेला, आणि रोज दोन जीबी इंटरनेट. बाबांचा फोन बटणांचा. त्यात इंटरनेट शिरायला दार नाही. बैल विकून टाकलेल्या माणसाच्या दारात रोज दोन पेंढ्या कडबा टाकावा तसं झालं हे. भूपेंद्रला विचारलं तर म्हणतो, सर, सगळे हाच घेतात. मी तिथेच उभं राहून यादी वाचली आणि फक्त बोलण्याचा, महिन्याचा प्लान करून घेतला. फोन बोलण्यासाठी घेतला असेल तर पैसे बोलण्याचेच द्यावेत.

खरी युक्ती पुढे आहे. बाबांना तारीख आठवत नाही, तिथी आठवते. संकष्टीचा उपास त्यांनी चाळीस वर्षांत चुकवलेला नाही. तेव्हा दर संकष्टीला भूपेंद्रकडे जाऊन रिचार्ज करायचा, असं ठरवून दिलं. पाठशाळेत शिकलेली कालगणना आयुष्यात एकदा तरी कामाला आली.

तुझी अट त्यांना पुन्हा सांगितली: रोज दिवेलागणीला आधी तुला फोन, मग मला, तीन सांजा चुकल्या की वावरातली खोली सोडून सिंदीला तुझ्याकडे राहायला जायचं. ते म्हणाले, सुलोचनेले सांग, मी शाळेत एक दिवस दांडी मारली नाई. शाळा चौथीपर्यंतच होती, हे त्यांनी सांगितलं नाही, मीही काढलं नाही.

सरिता आणि गुंजन मजेत. गुंजनला यंदा संस्कृतऐवजी संगणक हवा आहे, घरात फितुरी.

लोभ आहे तो वाढवावा, टोमणे आहेत ते पुरवून वापरावेत.

गजेंद्र


सिंदी (रेल्वे),
११ ऑक्टोबर २०२५

चि. गजेंद्र यास,
सुलोचनाताईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं पूर्ण नाव लिहिलं आहे. किशोर म्हणाला, मामाची पदवी बी लिही. जागा नव्हती.

आता हसणं पुरे. बुधवारी आणि गुरुवारी, आठ नि नऊ तारखेला, बाबाचा फोन आला नाई. मी इकडून लावला तर नुसता वाजत राहतो. त्यायले घंटी ऐकू येत नाई, फोन खुंटीले. शेवटी त्यायच्या बाजूच्या वावरातल्या महादेवरावले फोन केला. ते बिचारे दोन्ही दिवस बॅटरी घेऊन गेले. बाबा खाटेवर बसून मेथी निवडून राह्यले होते, तब्येत ठणठणीत. महादेवरावनं विचारलं, पोरीले फोन काऊन नाई केला, तर बाबा म्हणाले, केला ना, सांगतलं बी.

गजू, हे मले बरं वाटून नाई राह्यलं. विसरले म्हणाले असते तर मी रागावली असती आणि सोडून देलं असतं. पण न करता केला म्हणतात. माझ्या सासूबाईचं असंच सुरू झालतं. जेवल्या नसत आणि जेवली म्हणत. आम्ही सहा महिने हसण्यावारी नेलं.

काल शुक्रवारपासून फोन पुन्हा वेळेवर येतो आहे. पण तीनातल्या दोन सांजा गेल्या, हे मी लिहून ठेवलं आहे. तुझ्या भाऊजींची तब्येत ठीक, स्पीकरची त्याहून ठीक.

सरिताले आणि गुंजनले आशीर्वाद. माया आहेच, पत्र लवकर पाठवजो.

सुलोचनाताई


आर्वी,
१५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. माझ्याकडेही त्या दोन सांजा फोन नव्हता. मला वाटलं, बाबा कोजागिरीच्या दुधावर अजून झोपले आहेत. तू उगाच मोठा निदानग्रंथ उघडलास. आमच्या शास्त्रात मनातल्या मनात केलेला जप मोठ्याने केलेल्या जपाहून श्रेष्ठ मानतात. बाबांनी फोनही तसाच केला असेल. त्याला पैसेही पडत नाहीत, प्लानही लागत नाही.

प्लानवरून आठवलं. किशोर सांगत होता की तुझं दिवसाचं इंटरनेट सकाळी दहालाच संपतं आणि मग तू त्याच्या फोनवरून रांगोळ्या बघतेस. घरात वायफाय आहे, ताई. ते चालू करून बघितलंस तर मोबाइलचा निम्मा प्लान पुरेल, आणि किशोरला त्याचा फोन परत मिळेल. हा सल्ला फुकट आहे.

बाबांची काळजी करू नकोस. दोन सांजा म्हणजे काही फार नाही.

आशीर्वाद चालू ठेवावेत, हिशेबाची वही मिटावी.

गजेंद्र


सिंदी (रेल्वे),
९ नोव्हेंबर २०२५

चि. गजेंद्र यास,
अनेक आशीर्वाद.

परवा शुक्रवारी, सात तारखेला, पुन्हा फोन नाई. महादेवराव पुन्हा गेले. बाबा पुन्हा तेच म्हणाले, मी केला, सांगतलं. वरून महादेवरावलेच म्हणे, तुमी रोज रोज काऊन येता, तुमच्या घरी काम नाई का. काल शनिवारी सांजेले मात्र बरोबर फोन आला. आदल्या दिवशीचं विचारलं तर मलेच रागावले.

तीन झाल्या. तुझ्या जपाच्या गोष्टीले मी त्या दिवशी हसली होती, आज नाई हसत. रविवारी तेवीस तारखेले किशोर टेम्पो घेऊन आष्टीले जाईन. बाबा, त्यायची पेटी, खाट, देव, सगळं घेऊन येईन. वावर महादेवरावले बटाईनं देऊ. बाबांले वाईट वाटन, मले माहीत आहे. मले बी वाटते. पण एकटा माणूस काय केलं, काय नाई केलं ते विसरायले लागला, तर वावरात विहीर आहे, मोटर आहे, करंट आहे.

तू त्यायले समजाव. माझं ऐकत नाईत, तू गोड बोलतो.

तुझी ताई


आष्टी,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. गजेंद्रले बंडूजीचा आशीर्वाद.

पत्र लिवाचं कारण का महादेवरावनं सांगतलं, मले नेयाले टेम्पो येऊन राह्यला. मी काई सामान हाव का?

मी तिन्ही सांजा फोन केल्ला. सुलोचनेले बी केल्ला, तुले बी केल्ला. तुमी घरी नसता तवा ते बाई उचलते. तिले मी मोठ्यानं सांगतो, सुलोचनेले सांगजो बाबा बरा हाय, जेवण झालं, मेथीले पाणी देल्लं. तुले बी तेच सांगतो. आपल्या पोस्टात ट्रंककॉल होता तवा मधात एक बाई राहे, ते असाच निरोप पोचवे. हे बाई सभ्य हाय, पण माहं आयकून घेत नाई, आपलंच बोलते. निरोप काऊन पोचवत नाई ते तूच तिले इचार. मी तक्रार नाई केली, तिची नोकरी जाईन.

तिची ड्यूटी चतुर्थीच्या आंगोदर राह्यते. चतुर्थीले भूपेंद्रपाशी पैसे भरले का ते जाते, मंग तुमीच उचलता.

पत्ताकोबी भरून राह्यली. पुढच्या महिन्यात काढाची हाय. मी सिंदीले गेलो तं पाणी कोण देईन? महादेवराव चांगला माणूस हाय पण कोबीले लय पाणी देते, फुटून जाते.

मी येडा नाई झालो रे बाप्पा. तुमाले तसं वाटत असन तं तूच येऊन पाह्यजो.

सरितेले अन् गुंजनले आशीर्वाद.

बंडूजी


आर्वी,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. सौ. ताईस,
अपराधी भावाचा शि. सा. न. वि. वि.

काल आष्टीहून फोनवर सगळं सांगितलं, पण तू पहिल्या मिनिटातच हसायला लागलीस आणि मागे भाऊजी इतके जोरात हसले की निम्मं तुला ऐकू गेलं नसेल. म्हणून नीट लिहितो.

बाबांचं पत्र मी चहा पिताना वाचलं. चतुर्थीच्या ओळीपाशी चहा थांबला. संकष्टी ते संकष्टी कधी एकोणतीस दिवस, कधी तीस. आपल्या शास्त्रकारांनी चांद्र, सौर, सावन आणि नाक्षत्र असे चार प्रकारचे महिने सांगितले आहेत. फोनवाल्यांनी पाचवा काढला, अठ्ठावीस दिवसांचा, आणि तो मी पाहिला नाही. ‘मासिक’ एवढं वाचलं आणि पंचांग उघडलं. दर महिन्याला प्लान संकष्टीच्या एक-दोन दिवस आधी संपायचा. बाबा फोन लावायचे, आणि प्लान संपल्याची ध्वनिफीत लागायची. तिचे भरभर शब्द त्यांना कळत नाहीत, बाईचा आवाज तेवढा कळतो. ते तिला तुझ्यासाठीचा निरोप देत होते, मग माझ्यासाठीचा, आणि काम झालं म्हणून मेथी निवडायला बसत होते.

भूपेंद्रकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, सर, अठ्ठावीस दिवस आहेत हे मी सांगणारच होतो, पण तुम्ही श्लोक म्हणत होता. मी खरंच म्हणत होतो, ताई. कालमहिम्यावरचा होता.

आता वर्षाचा प्लान घेतला आहे, फक्त बोलण्याचा, तीनशे पासष्ट दिवसांचा. या वेळी दिवस मोजून घेतले, महिना हा शब्द वाचलाच नाही. संपण्याची तारीख माझ्या भिंतीवर लिहिली आणि गुंजनने आपल्या मोबाइलमध्ये आठ दिवस आधीची आठवण लावली. मोठ्या घंटीचा, मोठ्या बटणांचा फोन आणला. एक नंबर दाबला की तू, दोन दाबला की मी, तीनवर महादेवराव. काल मी बाहेर वावराच्या धुऱ्यावर उभा राहून घंटी वाजवली. बाबांनी ऐकली, आणि पलीकडून महादेवरावांनीही.

ती बाई आता येणार नाही, असं बाबांना समजावून सांगितलं. ती यंत्रातली आहे, हेही सांगितलं. त्यांनी नवा फोन खुंटीला अडकवला. मग म्हणाले, बरं झालं, दिवेलागणीची ड्यूटी बाईमाणसाले चांगली नाई. माझं स्पष्टीकरण त्यांना कितपत पटलं, हे मी विचारलं नाही.

तू अट मागे घेतलीस ते ऐकल्यावर त्यांनी तुझ्यासाठी कोबीचे चार गड्डे आत्ताच कापायला घेतले, मी थांबवलं. टेम्पो मात्र रद्द करू नकोस, असा त्यांचा निरोप आहे. आज-उद्या नको, डिसेंबरात पाठव. माणूस न्यायला नाही, कोबी न्यायला. आर्वीच्या बाजारापेक्षा सिंदीला भाव बरा मिळतो, असं त्यांनी कुठून तरी काढलं आहे, आणि किशोरकडून भाडं घेणार नाहीत, असंही ते म्हणाले. किशोरने त्यांच्याकडून घ्यायचं की नाही, यावर ते बोलले नाहीत.

माझी भूल पोटात घालावी आणि पात्रता न पाहता लोभ ठेवावा, असं लिहून हे पत्र चिकटवणार होतो. चिकटवलं नाही.

ऑक्टोबरच्या त्या दोन सांजा फोन आला नाही, तेव्हा तू शंभरेक किलोमीटरवरून महादेवरावांना दोनदा वावरात पाठवलंस. मी आर्वीला होतो. आष्टीची एस.टी. तासाभराची. मी गेलो नाही. घरी बसून तुला जपाचं पत्र लिहिलं, आणि ते चांगलं जमलं म्हणून सरिताला वाचूनही दाखवलं. नोव्हेंबरातही बाबांनी बोलावल्यावरच गेलो. प्लान आता वर्षभर पुरेल. बाबा ब्याऐंशीचे आहेत. एखाद्या सांजेला फोन येणार नाही, आणि त्या वेळी रिचार्ज असेल. त्या सांजेलाही मी घरीच बसून राहीन, याची मला भीती वाटते.

गजेंद्र