शिवणीतलं जादा कापड

प्रिय धाकट्या,

तुझा कारखाना सोमवारी बंद झाला, ही बातमी खरी असल्याचं काल तुझ्या बायकोनंच फोनवर सांगितलं. मशीनं विकून सगळ्या कारागिरांचे पगार चुकते केलेस, हेही तिच्याकडूनच कळलं. तू मात्र फोनवर आला नाहीस. दादाला कुठल्या तोंडाने भेटू, म्हणालास म्हणे. म्हणून हे पत्र.

इथे सगळे ठीक आहेत. मला सुईत दोरा ओवता येईनासा झालाय. वहिनीकडे सुई दिली की ती विचारते, शिंपी तुम्ही की मी? अप्पांची कात्री अजून चालते.

तुला आठवत असेल, अप्पा प्रत्येक कपड्याच्या शिवणीत दोन बोटं जादा कापड दुमडून ठेवायचे. बाहेरून ते दिसत नसे, पण माणूस अंगानं सुटला की कपडा उसवून सैल करता यायचा. कात्री हातात घेण्याआधी ते हात जोडत. म्हणत, वर गेल्यावर देव किती शिवलंस ते विचारणार नाही, दुसऱ्यासाठी किती जागा ठेवलीस ते विचारेल. त्यांच्या लेखी श्रीमंती ती एवढीच.

कारखाना काढलास तेव्हा तू ते जादा कापड बंद करायचं ठरवलंस. मी तुला देवाची भीती घातली. दादा, तुझा देव दोन बोटांत मावतो, असं म्हणून तू निघून गेलास. उद्घाटनानंतर आपण बोललोच नाही. सहा वर्षं मी येईल त्या गिऱ्हाइकाला ऐकवत राहिलो, की धाकटा पैशामागे गेला, मी अप्पांची वाट सोडली नाही.

ते खोटं होतं. उद्घाटनासाठी तुझा करडा कोट मी शिवला, तेव्हा रागाच्या भरात आतलं सगळं जादा कापड कातरून टाकलं. आयुष्यात तसा एकच कपडा शिवला, तोही सख्ख्या भावाचा. वर्षभरात तो तुला घट्ट झाला, दुसऱ्या शिंप्यानं उसवून पाहिलं आणि तसाच परत केला, हे काल तुझ्या बायकोच्या बोलण्यात सहज आलं. म्हणजे तुला पाच वर्षं ठाऊक होतं, आणि तू कुणापाशीही चकार शब्द काढला नाहीस. त्यात आता स्वतःच्या आधी कारागिरांचं पाहिलंस. अप्पांनी तुझी पाठ थोपटली असती. माझ्याशी ते दोन दिवस बोलले नसते.

मला माफ कर, हे लिहायलाच बसलो होतो. त्या कोटाच्या कापडाचा उरलेला तुकडा कपाटात सापडलाय. पाठीत जोड देता येईल. जोड दिसेल, दिसू दे. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलंय, माझ्या एकट्याच्यानं उरकणार नाही, म्हणून इथल्या तुझ्या जुन्या मशीनला तेल दिलंय. तुझ्या बायकोनं शनिवारची तिकिटं काढलीत. दुपारच्या गाडीला मी स्टँडवर असेन. कोट घालून येऊ नकोस, बटणं लागायची नाहीत. पिशवीतून आण.

टेप गळ्यात अडकवून बसलेला,
तुझाच,
दादा